दवाखान्यासाठी पाऊण एकर

मी जबलपूरहून बोलतोय. सैन्यातून निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं आमचं इथल्या मराठी माणसांचं आयुष्य. त्यामुळे बोलता बोलता एखादा हिंदी शब्द आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय तसा रुक्ष आहे. गावात दवाखाना बांधायचा तर जमीन कशी मिळवायची? तीही अशा गावात, जिथली जमीन कागदावर सरकारची आणि वहिवाटीने गावाची आहे.

डॉक्टर मिळतो, पैसे उभे राहतात, औषधं मिळतात. आमचं घोडं अडलं पाऊण एकर जमिनीवर, आणि दीड वर्ष अडलं. हे दीड वर्ष वाया गेलं असं मला वाटत नाही. का ते सांगतो.

आधी एक शब्द समजून घेऊ. निस्तार. विदर्भातल्या मंडळींना तो ठाऊक असेल, पुण्या-मुंबईकडे कदाचित नसेल. गुरं चारायची जागा, सरपण आणायचं रान, खळं, स्मशान, पाणवठा, गुरांची वाट, हे गावाने रोज वापरायचे हक्क म्हणजे निस्तार. नागपूर आणि जबलपूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते, म्हणून हा शब्द दोन्हीकडे सापडतो. इंग्रजांच्या काळात इथे मालगुजारी होती. मालगुजार सारा गोळा करायचा, आणि गावाचे रीतिरिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तात लिहिलेले असायचे. कुठल्या रानातून कोणी लाकूड न्यायचं, कुठल्या वाटेने गुरं जायची, सगळं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि १९५१ मध्ये या सगळ्या जमिनी सरकारजमा झाल्या. गावाचा वापर मात्र होता तसाच चालू राहिला. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज दोन्ही आहेत. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही आहेत, विदर्भासाठी. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर सामूहिक हक्कांमध्ये ‘निस्तार’ हा शब्द जसाच्या तसा आलाय.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की पटवाऱ्याच्या खसऱ्यात त्या जमिनीपुढे लिहिलेलं असतं ‘शासकीय’. पटवारी म्हणजे तुमचा तलाठी. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला माणूस ‘शासकीय’ वाचतो आणि त्याला ती जमीन मोकळी दिसते. गावातल्या माणसाला त्याच जमिनीत चार पिढ्यांची वहिवाट दिसते. दोघंही खोटं बोलत नाहीत.

मी छावण्यांमध्ये आयुष्य काढलेला माणूस. छावणीत जमिनीचं एक जनरल रजिस्टर असतं. त्यात प्रत्येक तुकड्याचा नंबर, वर्ग, मालक, ताबा कोणाचा, सगळं असतं. तिथे गवत कोण कापणार याचासुद्धा लिलाव होतो. तिथून बाहेर पडून एकदम निस्ताराच्या जगात यायचं म्हणजे नकाशावरून जमिनीवर उतरणं. सैन्यात आम्ही रेकी करतो. नकाशा कितीही चांगला असला तरी आधी माणूस पायी जाऊन बघून येतो. ती सवय इथे फार कामाला आली.

आता गावाबद्दल. गाव मंडला जिल्ह्यातलं, नाव सांगत नाही, कारण तिथल्या काही गोष्टी अजून निकालात निघालेल्या नाहीत. वस्ती बहुतेक गोंडांची, काही घरं बैगांची, दोन-चार यादवांची. एकूण चार टोले, म्हणजे पाडे. मध्ये एक नाला. पावसाळ्यात हा नाला दोन टोल्यांना बाकीच्या गावापासून तोडतो. आरोग्य उपकेंद्र मंजूर होतं, पण ते दुसऱ्या गावात भाड्याच्या एका खोलीत चालायचं. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असा सरकारी निकष आहे, मैदानी भागात पाच हजाराला. निकष चांगला आहे, पण तो माणसं मोजतो, नाले मोजत नाही.

आम्ही पाच-सहा निवृत्त लोक, त्यात दोन जण सैन्यातले डॉक्टर, महिन्यातून दोनदा शाळेच्या ओसरीवर तपासणी करायचो. मलेरिया या भागातला जुना पाहुणा. जबलपूरला आदिवासी आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या लोकांनी सरकारबरोबर २०१७ पासून मंडल्याच्या १,२३३ गावांत मलेरिया निर्मूलनाचं काम केलं आणि मलेरिया खूप खाली आणला. सिकलसेल मात्र रक्तातच आहे, तो डास मारून जात नाही. त्यासाठी १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पण सिकलसेलच्या मुलाला रोजची गोळी, नियमित तपासणी आणि दुखणं उठलं की जवळ कोणीतरी लागतं. शाळेच्या ओसरीवर पंधरा दिवसांतून एकदा येणारा डॉक्टर त्याला पुरत नाही. म्हणून ठरलं की उपकेंद्राची इमारत याच गावात व्हावी. चालवायची आरोग्य विभागाने, बांधकामाला हातभार आमचा, आठवड्यातून डॉक्टरही आमचा.

पहिली जागा आपणहून चालत आली. एक गोंड शेतकरी म्हणाला, “साहब, माझ्या शेताचा तुकडा घ्या, दान देतो.” वयस्कर माणूस, अतिशय सज्जन. एकूण जमीन दोन एकर. त्याच्या नातवाला सिकलसेल होता, म्हणून तो देत होता. पण मध्य प्रदेशच्या संहितेचं कलम १६५(६) असं आहे की अधिसूचित आदिवासी भागात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊच शकत नाही. विक्रीने नाही, दानाने नाही. मंडला आणि दिंडोरी हे अख्खे जिल्हे पाचव्या अनुसूचीत आहेत. आमचा ट्रस्ट बिगर-आदिवासी. म्हणजे आमच्या नावे होणं शक्यच नव्हतं. सरकारच्या नावे दान करता आलं असतं, आणि एका गृहस्थांनी तो मार्ग सुचवलाही. मी म्हटलं, दोन एकरवाल्याकडून पाऊण एकर घेऊन दवाखाना बांधायचा, तर त्या घराचं पोट कोणता डॉक्टर भरणार? शिवाय त्याला तीन भाऊ होते आणि सातबाऱ्यावर, म्हणजे इथल्या बी-१ वर, वाटण्या झालेल्या नव्हत्या. आम्ही हात जोडले आणि नको म्हटलं.

हा कायदा अनेकांना जाचक वाटतो. “आदिवासीला स्वतःची जमीनसुद्धा देता येत नाही का?” असं विचारतात. मला तो जाचक वाटत नाही. या भागात एका बाटलीवर, एका कर्जावर, एका लग्नावर जमिनी गेल्या आहेत. कुंपण आहे म्हणून शेत आहे.

दुसरी जागा तहसिलीतून सुचवली गेली. डांबरी रस्त्याला लागून, सपाट, गाडी थेट दारात येणारी. खसऱ्यात नोंद ‘छोटे झाड का जंगल’. विदर्भवाल्यांनी कान टवकारले असतील, कारण तुमच्याकडे याच जातीची भानगड म्हणजे झुडपी जंगल. महसुली दप्तरात जुन्या काळी झुडपं उगवलेल्या पडीक जमिनीला हे नाव दिलं गेलं. पुढे १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितलं की दप्तरात ज्याला जंगल म्हटलंय त्याला वन संवर्धन कायदा लागू. झालं! पूर्व विदर्भात सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन त्यात अडकली, शाळा-दवाखाने-घरांसकट, आणि तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला मे २०२५ उजाडलं. आमची रस्त्याकडेची जागा याच पंथातली.

पण इथे वनहक्क कायद्यात एक खिडकी आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. कलम ३(२). गावाला लागणाऱ्या तेरा सोयींसाठी वनजमीन वळवता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, रस्ता वगैरे. अटी तीन. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा. हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस हवी. शिवाय ती सोय सरकारने चालवलेली हवी. म्हणजे खासगी ट्रस्टला या खिडकीतून आत येता येत नाही, उपकेंद्राला येता येतं. दिल्लीपर्यंत फाइल जायची गरज नाही, काम जिल्ह्यातच होतं. गडचिरोली, नंदुरबार, यवतमाळकडे कोणी अशा कामात असेल तर हे कलम पाठ करून ठेवा.

तर कायद्याने रस्त्याकडेची जागा मिळण्यासारखी होती. मग आम्ही रेकीला गेलो. पटवारी, गावचे दोन-तीन म्हातारे, आशा कार्यकर्ती, दोन मुलं आणि मी. मार्च महिना होता. मुद्दाम मार्च सांगतोय, कारण मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे झाडाखाली फुलं वेचायला बायका आणि मुलं बसलेली असतात. त्या ‘रिकाम्या’ जागेत मोहाची पाच झाडं होती आणि पाचही झाडांखाली माणसं होती.

मी विचारलं, “ही झाडं कोणाची?” पटवारी म्हणाला, सरकारची. म्हातारे हसले. एकाने काठीने दाखवत सांगितलं, ते वाकडं अमक्याच्या आजीचं, हे दोन बाजूचे तमक्या घराचे, आणि ते मोठं दोन भावांचं, एक वर्ष याचं, एक वर्ष त्याचं. कुठेही लिहिलेलं नाही, पण गावातलं पोरसुद्धा दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलत नाही. सुकवलेला मोह म्हणजे त्या घराची पावसाळ्यातली रोकड. त्याच जागेच्या मागच्या कडेला साजाचं झाड, आपल्याकडे त्याला ऐन म्हणतात. गोंडांचा बडा देव साजात असतो. पटवाऱ्याच्या नकाशात यातलं काहीच नव्हतं, आणि यात पटवाऱ्याचा दोष नाही. नकाशाला तेवढे रकानेच नाहीत.

आम्ही एक साधी वही केली. जागेचा कच्चा नकाशा, प्रत्येक झाड, पायवाट, गुरं बसायची जागा, आणि पुढे कोण वापरतं, कुठल्या महिन्यात. वही शाळेतल्या दोन मुलांनी भरली, म्हाताऱ्यांनी सांगितली. पुढे ग्रामसभेत सगळ्यात जास्त उपयोगाला आली ती हीच वही.

ग्रामसभेबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल की लोक उगाच आढेवेढे घेत होते. ‘लोकांच्या भल्यासाठी जमीन हवी’ हे वाक्य या भागाने आधी ऐकलेलं आहे. नर्मदेवर जबलपूरजवळ बरगी धरण झालं. मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावं त्यात बाधित झाली. आज त्या तलावात आम्ही जबलपूरकर रविवारी बोटीत बसायला जातो. या गावातल्या कित्येक घरांच्या सोयरिकी त्या बुडालेल्या गावांत होत्या. पहिल्या बैठकीत एक बाई एवढंच म्हणाली, “पाऊण एकर म्हणता. नंतर किती?” याला काय उत्तर देणार? बोलून देता येत नाही, कागदावर लिहूनच द्यावं लागतं.

आणि जबलपूर तरी काय आहे? आधारताल, रानीताल, चेरीताल, या आमच्या वस्त्यांची नावं गोंड राज्याच्या काळातल्या तलावांवरून पडलेली. राणी दुर्गावतीच्या काळातले म्हणून सांगतात. नावं राहिली, बऱ्याच ठिकाणी पाणी गेलं. सामाईक जागेचं शहरात काय होतं ते बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही.

मध्य प्रदेशात १५ नोव्हेंबर २०२२ पासून पेसाचे नियम लागू झाले. २० जिल्ह्यांतल्या ८९ विकासखंडांत. त्यानुसार टोल्याचीही वेगळी ग्रामसभा होऊ शकते, आणि पटवाऱ्याने वर्षातून एकदा खसरा, नकाशा, बी-१ गावासमोर ठेवायचा असतो. आमच्या सभेत तो पहिल्यांदाच वाचला गेला. अडीच तास. लोक मन लावून ऐकत होते. आपल्या गुरांच्या वाटेला सरकार काय म्हणतं हे त्यांना प्रथमच कळत होतं.

सभा एकूण चार झाल्या. पहिल्या दोन सभांना पुरुष जास्त होते आणि सगळे रस्त्याकडेच्या जागेच्या बाजूचे. गाडी येते, पाटी दिसते, साहेब लोक येतील. तिसऱ्या सभेला आशाताईंनी चारही टोल्यांतल्या बायका आणल्या. तिथे एका सुईणीने सगळा प्रश्न उलटा केला. ती म्हणाली, “दादा, रस्त्यावरच्या दवाखान्यात मोटरवाला जाईल. त्याला मंडल्यालाही जाता येतं. रात्री पोट दुखायला लागलं आणि नाला भरलेला असला तर आमच्या टोल्याची पोरगी तिथे कशी जाईल?” गेल्या पावसाळ्यात नाल्याच्या अलीकडे, झाडाखाली एक बाळंतपण झालं होतं. बाळ गेलं. हे सगळ्यांना माहीत होतं, पण जागेच्या चर्चेत ते कोणी आणलं नव्हतं.

सुईणीने जागाही सांगितली. नाल्यापलीकडे, हँडपंपाच्या वर, चढावर. दोन मोठे टोले तिकडेच आहेत. डांबरी रस्त्यापासून जवळपास एक किलोमीटर आत. जमीन चरनोईची, म्हणजे तुमचं गायरान. मोह एकच, तोही कडेला. आमच्या डॉक्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला, कारण आता पोचरस्ता आला, खर्च वाढला. पण त्यांनीच नंतर सांगितलं की वैद्यकीय दृष्टीने हीच जागा बरोबर आहे. अलीकडच्या लोकांना रस्ता आहे, पलीकडच्यांना काहीच नाही.

चरनोईचा मार्ग वेगळा. ती वनजमीन नव्हती, म्हणून इथे संहितेचं कलम २३७. निस्तारासाठी राखलेली जमीन कलेक्टरच्या हातात असते. गावाच्या शेतजमिनीच्या किमान दोन टक्के चराई शिल्लक राहिली पाहिजे आणि निस्ताराची पर्यायी सोय बघितली पाहिजे. काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, सामाईक जमिनीला हातच लावू नका. मला हे पटत नाही. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात, २८ जानेवारी २०११ चा, सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या गावजमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितली. मोठा कडक निकाल आहे. त्यातही जे थोडे अपवाद ठेवले त्यात भूमिहीनांना दिलेले पट्टे आहेत, आणि त्या जागेवर आधीपासून असलेली शाळा किंवा दवाखाना आहे. गावाची जमीन गावाच्या दवाखान्याला लागली तर ती गावाकडेच राहते. प्रश्न एवढाच की ठरवलं कोणी.

चौथ्या सभेत ठराव झाला. एकमताने. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाबद्दल तुम्ही ऐकलं असेल, तिथे बहुमताने नाही तर सर्वसहमतीने निर्णय घेतात. त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. तिथली पद्धत मी या सभेत सांगितली तर एक म्हातारा म्हणाला, “आम्ही पण असंच करतो. म्हणून तर चार सभा लागल्या.”

ठरावातल्या अटी गावाने घातल्या, शब्द शिक्षकांचे. जमीन निस्ताराची म्हणूनच नोंदलेली राहील, ट्रस्टचं नाव कुठल्याही महसुली कागदावर येणार नाही. पाऊण एकरपेक्षा एक हातही जास्त नाही, चारी कोपऱ्यांवर दगड गावासमोर रोवायचे. गुरांच्या वाटेवर भिंत नाही. मोह ज्या घराचा आहे त्या घराचाच राहील, आवाराच्या आत आला तरी. दवाखाना दोन वर्षं बंद पडला तर इमारत ग्रामसभेच्या ताब्यात. आणि पाटीवर गावाचं नाव.

शेवटच्या अटीवर आमच्याकडेच वादळ झालं. एका देणगीदारांना दर्शनी भागावर वडिलांचं नाव हवं होतं, मोठ्या अक्षरांत. त्यात काही गैर नाही, माणूस वडिलांसाठीच देतो. पण गावाचं म्हणणं होतं की बाहेरच्या माणसाचं नाव लागलं की उद्या जागा त्याची म्हणतील. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’चं रुग्णालय लोकांना विचारून पाड्यातल्या घरांसारखं बांधलं आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. हे मी त्या देणगीदारांना सांगून पाहिलं. त्यांनी अर्धीच रक्कम दिली. ठीक आहे.

एक गाठ अजून सुटलेली नाही. त्याच चरनोईच्या खालच्या अंगाला एक बैगा कुटुंब बरीच वर्षं कोदो-कुटकी पेरतं. कागदावर ते अतिक्रमण. गुरं असणाऱ्या घरांनी सभेत म्हटलं, दवाखान्याला चराई दिली तर ती जागा आम्हाला परत द्या. हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. पण त्या घराकडे दुसरी जमीन नाही, आणि जगात कुठेही दवाखाना बांधताना गावातल्या सगळ्यात गरीब घराचं शेत जाऊ नये. मी सभेत एवढंच म्हटलं की हा निर्णय दवाखान्याच्या ठरावात नको, वेगळा घ्या. तो वेगळा झाला, आणि प्रकरण सध्या तहसिलीत आहे. मी दर महिन्याला जाऊन चौकशी करतो. बाबू मला ओळखायला लागलाय, चहा पाजतो, तारीख देतो.

कलेक्टरचा आदेश ठरावानंतर सात महिन्यांनी आला. दगड रोवायच्या दिवशी चारही टोले आले होते. सुईणबाईंनी टेपचं एक टोक स्वतः धरलं आणि मोजणी दोनदा करायला लावली. जोत्यापर्यंत काम झालंय. नाल्यावरचा रपटा, म्हणजे पायवाटेचा छोटा पूल, पंचायतीने मंजूर केलाय, पण पावसाळ्याआधी होईल असं दिसत नाही. तोवर आमची तपासणी शाळेच्या ओसरीवरच, पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी. पलीकडच्या टोल्यांसाठी एक पेटी सुईणबाईंच्या घरी ठेवली आहे. तिच्यात स्वच्छ बाळंतपणाचं सामान, ओआरएस आणि एक मोठी टॉर्च.